आदी उपस्थित होते

१७ जानेवारी, शनिवार. सकाळी ११
काल निकाल लागला. ८३.

आकडा लहान वाटतो, पण नीट बघितलं तर चित्र वेगळं आहे. पक्ष नाही, गाडी नाही, मागे कोणी नाही, निशाणी उशी. तरी ८३. जो निवडून आला त्याला चार हजारांच्या वर, पण त्याच्यामागे अख्खा पक्ष होता. तो काढून टाकला तर आमच्यात फार फरक उरत नाही.

नोटाला ४१२. म्हणजे प्रभागातल्या ४१२ लोकांना कोणीच पसंत नव्हतं. हे मुळात माझेच मतदार. त्यांच्यापर्यंत मी पोचलो नाही एवढंच. ४१२ अधिक ८३ म्हणजे ४९५. ही खरी ताकद.

धुळ्याहून संघमित्राताई आली आहे. दवाखान्यात नर्स असल्यामुळे कोणाचंही दुखणं असलं तरी तिचा आवाज एकाच पट्टीत असतो. म्हणाली, घरची चार, मावशीकडची सहा. उरलेली ७३ माणसं कोण, ते तरी शोध आणि त्यांना धन्यवाद म्हणून ये. सूचना चांगली आहे. उद्यापासून रोज दहा घरं.

१८ जानेवारी, रविवार
एक घर झालं. भिकुबाई.

त्यांच्या दारासमोरचं गटारीचं चेंबर दोन वर्षं उघडं आहे. प्रचारात मी झाकणाचा शब्द दिला होता. आता त्या म्हणतात, मत तुलाच दिलं, झाकण कधी? मी शांतपणे समजावलं की मी निवडून आलेलो नाही. त्या म्हणाल्या, "ते तुझं तू बघ बाबा. मी माझं काम केलं."

अशिक्षित मतदारांना लोकशाहीची प्रक्रिया कळत नाही. तरी उद्या महापालिकेत अर्ज देतो.

पुढची नऊ घरं राहिली. मेहरूणला क्रिकेटची फायनल होती. तिथे जनसंपर्क झाला.

२० जानेवारी, मंगळवार. दुपारी
अर्ज लिहायला बसलो होतो. आधी सहज नेटवर स्वतःचं नाव टाकलं. सापडलं ते असं : राजदीप ट्रान्सपोर्ट, राजदीप लॉन्स, आणि कोणा राजदीपच्या हळदीचा व्हिडिओ. मी कुठेच नाही.

मग एका आमदारांचं नाव टाकलं. (नाव लिहीत नाही. वही कोणाच्याही हाती लागू शकते.) नेटवरच्या त्या मोठ्या फुकट कोशात त्यांचं अख्खं पान. फोटो, जन्म, शिक्षण, पुढे-मागे कोण आमदार होतं त्याचे बाण. पाच वर्षांत सभागृहात दोनदा बोलले. त्यातलं एकदा माईक बंद आहे हे सांगायला. त्यांना पान. मी रोज बोलतो, मला नाही.

आणि कोशात कोणीही लिहू शकतं म्हणे. मग मी थांबलो कशासाठी?

त्याच दिवशी. जेवणानंतर
ताईने निघता निघता विषय काढलाच. धुळ्यात देवपूरला प्रज्ञा मॅडमची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे बसून वाचतात. ऑफिसला माणूस हवा आहे. ताईने शब्द टाकून ठेवला आहे.

मी सव्वीस वर्षांचा आहे. आयटीआय पाच महिने, बीए दोन वर्षं, सुरत चार महिने, इंदूर सहा आठवडे, पुणे. एवढं फिरलेल्या माणसाने वाचणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवत बसायचं?

तिथल्या तिथे सांगून टाकलं. ३१ मार्चपर्यंत माझं नाव जगाच्या कोशात नसलं, तर तू म्हणशील ती नोकरी करीन. असलं, तर नोकरीचा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. आई मध्ये पडायला बघत होती. ताई म्हणाली, चालेल. कॅलेंडरवर ३१ मार्चभोवती पेनाने गोल केला आणि खाली सही केली. मलाही करायला लावली आणि कॅलेंडर सोबत धुळ्याला घेऊन गेली.

सत्तर दिवस आहेत. मला एक दुपार पुरेल.

२१ जानेवारी, बुधवार. ४.१०
पान झालं. कोशातलं माझं खातं : पिंप्राळ्याचा_वाघ.

"राजदीप गुलाब सुरवाडे हे भारतीय राजकारणी, समाजसेवक, विचारवंत, खेळाडू व प्रवासी आहेत. विविध नामांकित संस्थांमधून शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी सुरत, इंदूर व पुणे येथील औद्योगिक क्षेत्राचा अभ्यास केला. भावी नगरसेवक म्हणून ते जळगावात सर्वदूर परिचित आहेत."

एकही वाक्य खोटं नाही. वाचताना मलाच भरून आलं. ताईला लिंक पाठवली. खाली लिहिलं, कॅलेंडर उतरव.

५.०५
पानाच्या डोक्यावर लाल पट्टी आली आहे. "हा लेख वगळण्याचा प्रस्ताव आहे." टाकणारा तोताराम_फैजपूर. खाली चिठ्ठी : "नमस्कार. केवळ निवडणूक लढवली म्हणून स्वतंत्र पान मिळत नाही. निवडून न आलेल्या उमेदवाराबद्दल इतरांनी, स्वतंत्रपणे, सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. तसे संदर्भ द्यावेत. 'भावी' हे पद नाही. शुभेच्छा."

शुभेच्छा म्हणे. माणूस नक्की एखाद्या पक्षाचा आहे.

२३ जानेवारी
पान ठेवावं की नाही यावर कोशात चर्चा चालते, सात दिवस. कोणीही मत देऊ शकतं. म्हणजे पुन्हा निवडणूकच. ह्या वेळी गाफील राहणार नाही.

आणखी तीन खाती उघडली. निष्पक्ष_नागरिक, जागरूक_जळगाव, एक_अभ्यासक. तिघांनी लिहिलं की हे पान नसेल तर मराठी समाजाची हानी होईल. मोजणी : ३ विरुद्ध १. आयुष्यात पहिल्यांदा आघाडीवर.

२४ जानेवारी
तोतारामचं उत्तर : "तीन वेगळी माणसं चार मिनिटांत एका मतावर आली. आमच्या गल्लीत असं कधी झालेलं नाही. शिवाय इथे मतं मोजत नाहीत, मुद्दे मोजतात."

मतं मोजत नाहीत. मग ही कसली लोकशाही?

तिन्ही खाती बंद. वाघ चालू आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार
पान गेलं. कारण दिलं आहे : उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. मनाला लावून घेतलं नाही. दोन दिवस झोपून काढले, ते थंडीमुळे.

आज पुराव्याच्या मागे लागलो. प्रचारात माझे सहा फ्लेक्स लागले होते. दहा फूट बाय आठ, फोटो, उशी, "भावी नगरसेवक". एवढा मोठा पुरावा गल्लीत उभा असताना संदर्भ नाहीत म्हणणं म्हणजे कमाल आहे. फोटो काढायला निघालो.

पहिला कापसाच्या ढिगावर झाकलेला सापडला, मी खालच्या बाजूला. दुसरा एका बाथरूमला दारासारखा लावला आहे. आतून कोणीतरी खोकलं, म्हणून फोटो घेता आला नाही. तिसरा-चौथा शेवया वाळत घालायला नेले असं कळलं. पाचव्याचा पत्ता नाही. सहावा भिकुबाईंकडे, घडी करून माळ्यावर. म्हणाल्या, उन्हाळ्यात कामी येईल. मग झाकणाचं विचारलं. अर्ज दिला आहे म्हणालो. म्हणजे देणारच आहे.

कापसाचा फोटो तोतारामला पाठवला. उत्तर आलं : "फ्लेक्स तुम्ही लावलेला आहे. तुमच्याबद्दल दुसऱ्याने काय म्हटलं ते हवं." पुढे ओळ सोडून : "कापूस चांगला दिसतो."

९ फेब्रुवारी
ठीक. दुसऱ्याने म्हटलेलं देतो.

गोलाणी मार्केटला किरणभाऊकडे गेलो. एका स्थानिक पेपरचा वार्ताहर, जुनी ओळख. गेल्या दोन वर्षांत मी प्रत्येक आंदोलनात होतो. पाण्याचं, लाईटचं, रस्त्याचं, रस्ता झाल्यावर तो खणला त्याचं. रद्दीतून सात बातम्या काढून दिल्या. सगळ्या वाचल्या.

सातही बातम्यांच्या शेवटी नावांची रांग आहे, आणि रांगेच्या शेवटी "आदी उपस्थित होते". सातही ठिकाणी मी आदीत आहे.

किरणभाऊला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "जागा नसते रे. दहा नावं बसतात. बाकीचे आदी." मग म्हणाला, "तू मात्र कायम असतोस हां. तू आलास की मला कळतं, आता आदी लिहावं लागणार."

फोटोंमध्ये आहे मी. तीन फोटोंत कोपर. एकात डोकं, पण पुढच्याच्या टोपीमागे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
तोतारामला समोरासमोर गाठायचं ठरवलं. कोशावर त्याने स्वतःबद्दल एवढंच लिहिलं आहे : निवृत्त शिक्षक, फैजपूर, केळी, पक्षी, इतिहास. असल्या माणसाला डोळ्यात डोळे घालून दोन शब्द सुनावले की संपलं. सकाळी साडेसातची गाडी.

त्याच दिवशी, संध्याकाळी. भुसावळ
साडेनऊची गाडी मिळाली. भुसावळला उतरलो तर सुरतचा एक जुना पार्टनर भेटला. त्याच्या मेव्हण्याच्या शेतात भरीत पार्टी. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. वांगी कापसाच्या काड्यांवर भाजली होती. मी भाजायला मदत केली. फैजपूर उद्या.

१८ फेब्रुवारी. फैजपूर
भेट झाली.

घर केळीच्या बागेला लागून. तोताराम नाना सत्तरीचे, अंगात बनियन, कानात पेन्सिल. मी आवाज चढवायच्या आत त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, ताट मांडलं. जेवणारा माणूस भांडू शकत नाही. हा त्यांचा डाव असावा.

नानांनी मला बघून ओळखलं. कापसावरचा फोटो लक्षात होता. म्हणाले, तुमच्याबद्दल अधिकृत असं एकच काही सापडलं. उमेदवारी अर्जासोबतचं तुमचं शपथपत्र. त्यांनी ते काढून ठेवलं होतं. चष्मा लावून वाचलं : गुन्हे, निरंक. जमीन, निरंक. वाहन, निरंक. उत्पन्न, निरंक. व्यवसाय, निरंक.

"यावर पान लिहू?" त्यांनी विचारलं. "लिहितो. एक ओळ होईल."

मी म्हणालो की निवडून आलेल्यांची पानं बघा. पाच वर्षांत माईक बंद आहे एवढंच बोलणाऱ्याला पान आहे. नाना म्हणाले, आहे. ते कौतुक म्हणून नाही. त्याने खुर्ची अडवली होती, याची नोंद आहे. पुढच्याला कळायला नको, त्या पाच वर्षांत खुर्चीत कोण होतं?

मी हात धुवायला उठलो. पोट भरलेलं होतं.

निघताना यशोदाबाईंनी केळ्यांचा अर्धा घड दिला आणि म्हणाल्या, ह्यांच्याशी वाद घालू नका भाऊ, हे स्वतः तीनदा हरले आहेत. दोनदा पंचायत समितीला, एकदा जिल्हा परिषदेला. नाना दारातूनच म्हणाले, "पान नाही माझं. लिहिणारा मी, तपासणारा मी. दहा मिनिटांचं काम होतं." आणि बागेत पाणी बघायला गेले.

ह्याला म्हणतात न्यूनगंड. स्वतःला मिळालं नाही म्हणून दुसऱ्यालाही नाही.

केळी चांगली होती.

२० फेब्रुवारी
बसमध्ये एक गोष्ट आठवली. नाना मध्येच म्हणाले होते, एखादं काम करा, लोकांना उपयोगी पडेल असं. त्याची बातमी येते, बातमीत नाव येतं. मग बघू.

काम तर आहे माझ्याकडे. झाकण. अर्ज, पाठपुरावा, झाकण बसवताना फोटो. "सुरवाडे यांच्या प्रयत्नांना यश." दोन दगडांत... नाही, उलट काहीतरी आहे ते. सोमवारी महापालिका.

२३ फेब्रुवारी, सोमवार
महापालिकेत गेलो. पाणीपुरवठ्याने बांधकामला पाठवलं, बांधकामने मलनिस्सारणला. तिथले साहेब जेवायला गेले होते. वाट बघताना एकाने इंदूरच्या चिवड्याची एजन्सी घेण्याबद्दल माहिती दिली. चांगली लाईन आहे. तासभर समजून घेतली. साहेब येऊन गेले म्हणे.

अर्ज खिशात आहे.

५ मार्च
गेले दहा दिवस चिवडा. तो माणूस फोन उचलत नाही.

ताईचा मेसेज : २६ दिवस. बाकी काही नाही.

११ मार्च, बुधवार. सकाळी
आज जाग आली तीच कल्पना घेऊन.

माझ्यावर बातमी नाही म्हणून पान नाही. मग पान नाही याचीच बातमी करायची. निवेदन! जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं : निवडून न आलेल्या उमेदवारांवर कोशात होणारा अन्याय थांबवा, अन्यथा तीव्र आंदोलन. बातमी छापून येणार, तिच्यात माझं नाव येणार. स्वतंत्र संदर्भ. तोताराम नानांना त्यांच्याच नियमात पकडायचं.

रजिस्ट्रेशन नसलेली संघटना स्थापन केली. अखिल खान्देश अनिर्वाचित उमेदवार संघर्ष समिती. संस्थापक : मी.

१६ मार्च
एकट्याचं निवेदन बरं दिसत नाही. वजनासाठी प्रेमराज आबांना गाठलं. आबा सहा निवडणुका लढले, सहाही गेल्या. पांढऱ्या शर्टाची कडक इस्त्री कधी मोडलेली कोणी बघितली नाही. निवेदन वाचलं. "अनिर्वाचित" शब्द त्यांना फार आवडला, म्हणाले, हरलो म्हणण्यापेक्षा किती बरं वाटतं. येतो म्हणाले. फक्त फोटोत मधे उभे राहतील, कारण त्यांना सवय आहे. मी म्हटलं, अवश्य. ज्येष्ठांचा मान ठेवला पाहिजे.

जाताना भिकुबाईंनी हाक मारली. उन्हाने चेंबरचा वास वाढला आहे. म्हटलं, सध्या मोठ्या लढ्यात आहे. म्हणाल्या, "मग मीच बघते काहीतरी."

अखेर जनता स्वतः पुढे येते आहे.

२३ मार्च, सोमवार. दुपारी ३
ऐतिहासिक दिवस. दिलं निवेदन.

एकूण अकरा जण. पाच उमेदवार, बाकीचे आबांचे. जिल्हाधिकारी मीटिंगमध्ये होते. आवक शाखेच्या बाईंनी निवेदन दोनदा वाचलं आणि विचारलं, हे कोणत्या खात्याचं? मी म्हणालो, जगाचं. त्यांनी निवडणूक शाखेचा शिक्का मारला.

मग फोटो. निवेदनाच्या फोटोत प्रत्येकाचा हात कागदाला लागलेला असावा लागतो, नाहीतर त्याने निवेदन दिलं असं धरत नाहीत. एक कागद, अकरा माणसं. आबांनी दोन्ही हात लावले. ढकलाढकलीत कागद फाटला. माझ्या हातात एक कोपरा आला. तो मी वर धरला.

किरणभाऊला बजावून सांगितलं, नाव राजदीप गुलाब सुरवाडे. पूर्ण. तो म्हणाला, हो रे, लिहून घेतलं. वहीत लिहिताना बघितलं मी.

ताईला फोन केला. म्हटलं, उद्याचा पेपर घे.

२५ मार्च, बुधवार. दवाखान्यातून
उजव्या पायाला प्लास्टर. काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी सात. चौकातून पेपर घेतला. पान पाच, खाली उजवीकडे : "अनिर्वाचितांचा एल्गार". वाचतच घराकडे निघालो. "...समितीचे अध्यक्ष प्रेमराज आबा यांच्या नेतृत्वाखाली..." अध्यक्ष? बैठक कधी झाली? पुढे नावं. एक, दोन, तीन. चालता चालता मोजत होतो. नऊ, दहा. "आदी उपस्थित होते."

पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं आणि पायाखालून रस्ता गेला.

भिकुबाईंनी वासासाठी चेंबरवर माझा फ्लेक्स पसरून चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या होत्या. मी माझ्या फोटोवर, बहुधा कपाळावर, पाय ठेवला. आतून वर बघितलं तेव्हा "भावी" एवढं लोंबत होतं.

सगळ्यात आधी भिकुबाईच आल्या. काठी आत सोडून म्हणाल्या, धर. मग ओरडून गल्ली गोळा केली. काढायला सहा जण लागले. त्यातल्या दोघांनी तरी मला मत दिलं असावं असं त्यांच्या पकडीवरून वाटलं.

२६ मार्च
आजच्या पेपरात बातमी आहे. चौकटीत, फोटोसह! "उघड्या चेंबरमध्ये पडून तरुण जखमी, मनपाचा निष्काळजीपणा". तीन परिच्छेद, फक्त माझ्याबद्दल. स्वतंत्र. सविस्तर.

"पिंप्राळा परिसरातील एक तरुण..."

किरणभाऊ बघायला आला होता, शहाळं घेऊन. म्हणाला, नाव मुद्दाम टाळलं रे. जखमींची नावं छापली की घरचे नाराज होतात. माझ्याशी एकदा भांडले होते एक जण. आणि परवाच्या बातमीत तुझं नाव अकरावं होतं. दहा बसतात, तुला माहीतच आहे.

त्याला शहाळं परत देणार होतो. पण फोडलेलं होतं.

२८ मार्च
आई घरून सांगत आली : काल महापालिकेची गाडी आली, चेंबरला लोखंडी झाकण बसलं. बातमीनंतर एका दिवसात. नगरसेवकाने बाजूला उभं राहून फोटो काढून घेतला.

भिकुबाई दुपारी डब्यात खिचडी घेऊन आल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "शब्द पाळलास बाबा. मी सगळ्यांना सांगते, राजदीपने करून दिलं."

सगळ्यांना म्हणजे कोणाला, लिहून देणार का, असं विचारलं. त्यांना लिहिता येत नाही.

३० मार्च
एक अनपेक्षित गोष्ट. तोताराम नानांनी आपणहून संदेश पाठवला. पेपर वाचून तो तरुण मीच असणार हे त्यांना कळलं. पायाची चौकशी केली. यशोदाबाईंनी हळद-दूध सांगितलं आहे. पुढे : "जळगावच्या या निवडणुकीच्या लेखात एक ओळ घातली आहे. बातमीत आहे तेवढंच घेता येतं."

उघडून बघितलं. "निकालानंतर प्रेमराज आबा आदींनी जिल्हा प्रशासनाला निवेदन दिले.[४]"

तीनदा वाचलं. मग लक्षात आलं. आदी. म्हणजे मी. मी जगाच्या कोशात आहे. एक दिवस आधी!

३१ मार्च, मंगळवार
ताई धुळ्याहून आली. कॅलेंडर घेऊन.

मी मोबाईल पुढे केला. तिने वाचलं. म्हणाली, कुठे आहे?

"हे काय. आदी."

"बोट ठेवून दाखव."

मी बोट ठेवलं. माझं बोट जाड आहे, शब्द लहान. बोट ठेवलं की काहीच दिसेना. बाजूला घेतलं, पुन्हा ठेवलं. ताई हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. माझ्या प्लास्टरकडे बघत होती. मग म्हणाली, "आईने तुझं नाव ठेवलं तेव्हा मी सात वर्षांची होते. पूर्ण नाव शाळेत मीच घातलं होतं तुझं, आपले बापू नव्हते त्या दिवशी. रजिस्टरवर." एवढंच. आणि माझे कपडे पिशवीत भरायला लागली.

तांत्रिकदृष्ट्या मी जिंकलो आहे. पण नर्सशी वाद घालता येत नाही, विशेषतः पाय तिच्या हातात असताना.

२ एप्रिल, गुरुवार. देवपूर, धुळे
तात्पुरतं आलो आहे. २०३१च्या दृष्टीने धुळ्यातही संपर्क हवा.

प्रज्ञा मॅडम कमी बोलतात. माझं काम : दाराशी टेबल, टेबलावर रजिस्टर. येणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, वेळ, सही. प्लास्टरचा पाय स्टुलावर. वॉचमन धनसिंग आबांनी स्टूल आणून दिलं. मॅडम रोज संध्याकाळी रजिस्टर तपासतात. परीक्षेचा फॉर्म भरताना हजेरीचा दाखला लागतो म्हणे कोणाकोणाला.

सकाळी आठला दार उघडलं आणि चाळीस पोरं एकदम आली. नावं लांब. गावं, बापांची नावं, आडनावं. एकीने, मोहिनी तिचं नाव, स्वतःच पेन घेऊन आपली आणि मैत्रिणीची अशा दोन ओळी लिहून टाकल्या. बाकीचे घाईत. उकाडा. त्यातच शेजारच्या टपरीवर कोणीतरी बोलत होतं की इकडे प्रभागाची पोटनिवडणूक लागणार आहे. तिकडे कान गेले.

संध्याकाळी
मॅडमनी रजिस्टर परत पाठवलं. धनसिंग आबांनी टेबलावर ठेवलं. म्हणाले, "आठे असं चालत नही भाऊ. बठ्ठास्ना नावं लिखना पडतस." म्हणजे इथे सगळ्यांची नावं लिहावी लागतात.

बघितलं. सकाळी आठ ते साडेआठ. मोहिनीच्या दोन ओळी, त्याखाली माझ्या अक्षरात आठ नावं. अकराव्या ओळीवर मॅडमचं लाल पेन फिरलेलं.

तिथे मी लिहिलं होतं, आदी उपस्थित होते.